सुरांची पेटी आणि घसाऱ्याचे खाते

साताऱ्याच्या गोडोलीकडे किंवा सांगलीच्या विश्रामबागेत एखाद्या व्यापारी कुटुंबाचा बंगला बांधून होत आला, की गिलाव्याच्या आधी एक संध्याकाळ हमखास येते. दिवाणखान्याच्या उघड्या विटांसमोर आर्किटेक्ट, वायरमन, घरातील कर्ते गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उभे असतात. स्पीकरच्या वायरी भिंतीतून न्यायच्या असतील तर आत्ताच सांगा, नंतर भिंत फोडावी लागेल, असे वायरमन बजावतो. मुलाच्या मोबाइलवर डेन्मार्क, इंग्लंड आणि अमेरिकेच्या कंपन्यांची चित्रे तयारच असतात. आकडा काही लाखांचा असतो. वडील चित्राकडे फारसे न पाहता एवढेच विचारतात, "किती वर्षे चालेल हे?" मुलगा सांगतो, "अण्णा, कंपनी शंभर वर्षांची आहे."

वडिलांनी विचारले वस्तूचे आयुष्य. मुलाने सांगितले नावाचे. पेढीवर वाढलेल्या माणसाला एरवी हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शंभर वर्षांच्या घराण्याकडून आलेली हळदही तो पोते उघडून, हातावर चोळून पाहतो. ध्वनियंत्रांच्या झगमगत्या दुकानात मात्र ही सवय सुटते, कारण तेथे आवाज कानांच्या आधी डोळ्यांनी विकत घेतला जातो. या देखण्या, किमती नावांची मोहिनी टिकाऊ असते का, हा प्रश्न म्हणूनच दोन भागांत विचारावा लागतो. नाव टिकते का, आणि वस्तू टिकते का?

घरात सुरांची किमती पेटी आणण्याचा सोस आजचा नाही, आणि कृष्णाकाठी तर मुळीच नाही. मिरज हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाव. १९३७ साली ते निवर्तले आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही १९०५ साली मिरजेतच झाला. या दोघांच्या तबकड्या ज्या घरांत वाजत, त्या घरांत चावीचा ग्रामोफोन हा दागिन्याइतकाच मानाचा ऐवज होता. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे आणि ठरावीक वेळाने बदलायची पोलादी सुई, एवढाच त्याचा पसारा. वीज लागत नसे. स्प्रिंग तुटली तर घड्याळजी ती बसवून देई.

पुढे रेडिओ आला. १९६३ साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि पेठापेठांतील दुकानांच्या गादीमागे, फळीवर, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली रेडिओ दिसू लागला. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, फिलिप्स, बुश ही त्या काळची भारदस्त नावे. पॉलिश केलेल्या लाकडी पेटीला समोर सोनेरी धाग्याचे कापड, काचेच्या पट्टीवर शहरांची नावे आणि डोळ्यासारखा उजळणारा हिरवा दिवा. तो ठेवण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि त्याचे पुस्तक वहीखात्यांबरोबर जपले जाई. मर्फीच्या जाहिरातीतले बाळ तर घराघरांत ओळखीचे झाले होते.

पण तो रेडिओ पंचवीस-तीस वर्षे चालला तो त्या बाळामुळे नव्हे. त्याचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे खोबणीत बसवलेले असत. एक गेला तर उपटून दुसरा घालायचा. आणि हा दुसरा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा असावा लागत नसे. एकाच क्रमांकाचा व्हॉल्व्ह अनेक कंपन्या बनवीत आणि तो कोणाच्याही पेटीत चाले. मागचा पुठ्ठा चार स्क्रूंनी निघे, पुष्कळदा आत जोडणीचा नकाशाही चिकटवलेला असे. प्रत्येक पेठेत एखादा रेडिओ दुरुस्तीवाला दुकान मांडून बसलेला असे आणि त्याला कंपनीची परवानगी लागत नसे. म्हणूनच कंपनीचा कारभार आटोपला तरी रेडिओ बोलत राहिला. नाव आधी गेले, वस्तू मागे राहिली.

पुढच्या तीन दशकांनी हा क्रम उलटा केला. आखाती देशांतून येणारे टू-इन-वन, मग कॅसेट डेक, मग नव्वदीतले रंगीबेरंगी दिव्यांचे, कपाटाएवढे भासणारे म्युझिक सिस्टिम. त्यातले आयवा हे नाव त्या काळी लग्नाच्या रुखवतात ठेवण्याच्या तोलाचे होते. २००२ साली ती कंपनी सोनीत विलीन झाली. प्लास्टिकचा कप्पा मोडला, सीडी वाचणारी काच आंधळी झाली आणि सुटा भाग मिळेना. माळ्यावर चढलेला तो सिस्टिम पुन्हा खाली आला तो भंगारवाल्याच्या काट्यावर.

आता त्या शंभर वर्षांच्या कंपनीकडे वळावे, कारण मुलाचे म्हणणे खोटे नाही. बँग अँड ओलुफसेन ही कंपनी पीटर बँग आणि स्वेन्ड ओलुफसेन या दोन तरुण अभियंत्यांनी १९२५ साली डेन्मार्कच्या पश्चिमेकडील स्ट्रुअर या गावाजवळ सुरू केली. ओलुफसेन यांच्या वाडिलोपार्जित वाड्याचा माळा हा त्यांचा पहिला कारखाना. बॅटरीवर न चालता घरातल्या विजेवर चालणारा रेडिओ, या कल्पनेवर त्यांनी धंदा उभा केला. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी जमवून न घेतल्याबद्दल जानेवारी १९४५ मध्ये त्यांचा कारखाना स्फोटाने उडवण्यात आला. त्यांनी तो पुन्हा बांधला. साताऱ्याहूनही लहान असलेल्या गावात राहून जगभर माल विकणारी ही पेढी आहे, आणि हे व्यापाऱ्याला आवडण्यासारखेच आहे.

तिची खरी कीर्ती झाली ती याकोब येन्सन या रचनाकारामुळे. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९९१पर्यंत त्यांनी या कंपनीसाठी काम केले. १९७२ सालचा बिओग्राम ४००० हा त्यांचा रेकॉर्ड प्लेयर. नेहमीच्या प्लेयरचा दांडा एका टोकाशी खिळलेला असतो, म्हणून तो तबकडीवरून कमानीसारखा फिरतो. मूळ तबकडी कोरणारे यंत्र मात्र सरळ रेषेत चालते. बिओग्रामचा दांडाही तसाच सरळ सरकतो. त्याचे देखणेपण या कामातूनच निघालेले होते, वरून चिकटवलेले नव्हते. १९७८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या कंपनीच्या वस्तूंचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. २०२० साली, पंच्याण्णवाव्या वर्षी, कंपनीने जुने बिओग्राम परत मिळवले, ते संपूर्ण उघडून दुरुस्त केले आणि मोजके ९५ नग पुन्हा विक्रीला काढले. पन्नास वर्षांपूर्वीचा माल तीच कंपनी नव्या मालाच्या तोऱ्यात विकते, असे उदाहरण ध्वनियंत्रांच्या बाजारात क्वचितच सापडेल. तेव्हा शैली टिकते का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. मात्र ती शैली यंत्राच्या कामातून आलेली असेल तर.

ते जुने प्लेयर पुन्हा चालू करता आले, कारण त्यांच्या आत मोटर, पट्टा, दांडा, सुई आणि साधी विद्युत मंडले होती. उघडता येणारी आणि डोळ्यांना दिसणारी. आज त्याच तोलाच्या दुकानात जे विकले जाते, त्याच्या पोटात संगणक असतो. तो इंटरनेटवरून गाणे आणतो, मोबाइलमधील ॲपचे ऐकतो आणि वेळोवेळी कंपनीकडून नव्या सूचना घेतो. येथे वस्तूचे आयुष्य लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या हाती उरत नाही.

अमेरिकेच्या सोनोस कंपनीने हे जगाला जाहीरपणे शिकवले. जानेवारी २०२० मध्ये तिने सांगितले, की काही जुन्या यंत्रांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नव्या सूचना मिळणार नाहीत. यंत्रे उत्तम वाजत होती. ग्राहक इतके संतापले की कंपनीला माफी मागून जुन्या यंत्रांसाठी वेगळी व्यवस्था ठेवावी लागली. मे २०२४ मध्ये तिने नवे ॲप आणले आणि त्यात गजर लावण्यासारख्या साध्या सोयीही काही काळ गायब झाल्या. भिंतीवरचा स्पीकर तोच आणि खोली तीच, पण घरधन्याच्या हातून त्याचा लगाम सुटला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. दुकान विकत घेतल्यावरही किल्ली मूळ मालकाच्या खिशातच राहावी, असा हा व्यवहार आहे आणि कोणताही व्यापारी दुकानाच्या बाबतीत तो मान्य करणार नाही.

डेन्मार्कच्या कंपनीलाही ही अडचण उमगली आहे. २०२१ साली तिने आणलेल्या बिओसाउंड लेव्हल या स्पीकरमध्ये बॅटरी बदलता येते, आणि संगणकाचा भाग वेगळा काढून नवा बसवता येईल अशी रचना केली आहे. म्हणजे व्हॉल्व्हची जुनी खोबण पुन्हा आली. ती येण्यासाठी अर्धे शतक आणि पुष्कळ भंगार खर्ची पडले, ही गोष्ट वेगळी.

नावाचे आयुष्य शंभर वर्षांचे असले तरी त्या नावामागे गादीवर कोण बसले आहे, हेही पाहावे लागते. बँग अँड ओलुफसेनने मोटारींतील ध्वनियंत्रांचा आपला व्यवसाय २०१५ साली हरमन या कंपनीला विकला. हरमनच पुढे २०१७ साली सॅमसंगच्या हाती गेली. इंग्लंडची १९६६ पासूनची बॉवर्स अँड विल्किन्स २०२५ मध्ये हरमनकडे आली. अमेरिकेची १९४९ सालची मॅकिन्टॉश आणि इटलीची सोनुस फाबेर ही दोन्ही नावे २०२४च्या अखेरीस बोस कंपनीने घेतली. पाटी तीच राहते. पण सुटे भाग कोठे बनतील, दुरुस्ती कोठे होईल आणि जुन्या ग्राहकाची चौकशी कोण करील, हे नवा मालक ठरवतो. सातारा-सांगलीच्या ग्राहकापर्यंत हे निर्णय पोहोचतात ते पुष्कळ उशिरा, दुरुस्तीसाठी यंत्र पुण्या-मुंबईला पाठवण्याची वेळ आल्यावर.

बोस हे नाव येथे आले आहे तर थोडे थांबायला हवे. अमर बोस यांचे वडील बंगालमधील क्रांतिकारक. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून ते अमेरिकेत गेले. मुलगा तेथे एमआयटी या संस्थेत शिकला, प्राध्यापक झाला आणि १९६४ साली त्याने कंपनी काढली. तिचा ९०१ हा स्पीकर १९६८ पासून २०१६ पर्यंत बाजारात होता, म्हणजे जवळजवळ अर्धशतक. २०११ साली अमर बोस यांनी आपल्या कंपनीचे बहुसंख्य भाग एमआयटीला दान दिले, तेही ते भाग एमआयटीने विकू नयेत अशा अटीने. धनाचा असा विनियोग ज्या समाजात शतकानुशतके चालत आला आहे, त्याला त्यातले मोल सांगायला नको.

आता हिशेबाकडे. धंद्यात वापरल्या जाणाऱ्या यंत्रसामग्रीवर आयकरासाठी सर्वसाधारणपणे १५ टक्के दराने, उरलेल्या किमतीवर घसारा धरतात. घरगुती वस्तूवर अशी वजावट मिळत नाही, पण फूटपट्टी म्हणून ती उपयोगी आहे. आज ५ लाख रुपयांना घेतलेली संगीतयंत्रणा या दराने दहा वर्षांनी सुमारे ९८ हजारांची उरते. तेच ५ लाख ७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवले, तर दहा वर्षांनी कर वगळता १० लाख होतात. दोन्हींतील अंतर सुमारे ९ लाख. म्हणजे घरात रोज संगीत लागत असेल, तर त्याचे दिवसाला अडीचशे रुपये पडतात. मन लावून ऐकणाऱ्या कुटुंबाला हे मुळीच महाग नाही. चौघांच्या उपाहारगृहातील एका जेवणाहून ते कमी आहे. पण यंत्रणा पाहुणे आल्यावर, दिवाळीला आणि वाढदिवसाला, वर्षातून दहा वेळा लागत असेल, तर एकेका वेळेचे ९ हजार रुपये होतात.

आणि ९८ हजार ही पुस्तकातील किंमत झाली. जुन्या ध्वनियंत्राला बाजारात मिळणारी किंमत त्याच्या पोटात काय आहे यावर ठरते. नुसते स्पीकर, म्हणजे लाकडी पेटी, शंकू आणि चुंबक, असतील तर ते दीर्घायुषी असतात. शंकूच्या कडेला फोमची पट्टी असेल, तर पंधरा-वीस वर्षांत ती भुसभुशीत होऊन गळते, रबराची असेल तर अधिक टिकते. दोन्ही बदलता येतात. अँप्लिफायरमधील कॅपॅसिटर काही दशकांत सुकतात, तेही बदलता येतात. खरे अल्पायुषी असते ते जाळ्याशी जोडलेले यंत्र. म्हणून या तिन्ही गोष्टी एकाच देखण्या कवचात एकजीव केलेली वस्तू सर्वांत लवकर मरते. तिच्यातील सर्वांत अल्पायुषी भाग तिचे आयुष्य ठरवतो. जामीनदारांपैकी सर्वांत कच्च्याची पत पाहावी लागते, तसेच हे.

ज्या वस्तू खरोखर टिकल्या, त्यांपैकी कित्येक दिसायला साध्या आहेत. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात ध्वनिक्षेपण गाडीतील अरुंद जागेत मावेल असा एक स्पीकर तयार केला. एलएस३/५ए हे त्याचे नाव नावासारखे वाटतही नाही. जाड पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांएवढी ही लाकडी जोडी. पन्नास वर्षांनंतरही निरनिराळ्या कंपन्या ती बनवतात आणि लोक ती शोधून घेतात. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचा एलपी१२ हा रेकॉर्ड प्लेयर त्याच दशकाच्या आरंभी आला. अजून बनतो, आणि आज निघालेले सुधारित भाग सुरुवातीच्या प्लेयरलाही बसवता येतात. ही मोहिनी दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या जाणवत नाही, ऐकायला बसल्यावर जाणवते.

देखणेपणाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट या समाजाच्या दृष्टीने दुकानातच विचारून घ्यावी. वर उल्लेखिलेल्या सोनुस फाबेरच्या अनेक स्पीकरांची ओळखच मुळी लाकूड आणि त्यावर मढवलेले चामडे ही आहे. इतर काही कंपन्यांच्या आच्छादनांत लोकर असते. माहितीपत्रकात ते अभिमानाने छापलेले असते. पण गिऱ्हाईक रंग पाहण्यात गुंतलेले असते आणि देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून चामडे घरात येते.

सांगलीत या सगळ्या हिशेबाला नदीचा एक रकाना जोडावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि नदीकाठच्या पेठांत कित्येक दिवस राहिले. अशा वेळी माणसे, गुरे, वह्या आणि धान्य वर नेण्यात हात गुंततात. दिवाणखान्यातील स्पीकरकडे पाहायला कोणाला सवड असते? पाणी ओसरल्यावर भुशाच्या दाबीव फळ्यांच्या पेट्या पावासारख्या फुगलेल्या सापडतात. उत्तम प्लायवूड किंवा सागाची पेटी सुकवून पुन्हा उभी राहते. आतले शंकू बदलता येतात. संगणक असलेले यंत्र गाळ पुसून ठेवण्यापुरतेच उरते.

आणि याच जिल्ह्यात, सांगलीहून हाकेच्या अंतरावर, सुरांच्या देखण्या वस्तूचे असे एक उदाहरण आहे की ते पाहायला डेन्मार्कला जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील शिकलगार घराण्यांचा तलवारींना धार लावण्याचा धंदा बसत चालला. फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी तो हात तंबोरा आणि सतारीकडे वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूण झाडाचे लाकूड, तारा, खुंट्या, वर पानाफुलांचे नक्षीकाम आणि पॉलिश. देखणेपणात ही वस्तू कोणत्याही विदेशी स्पीकरला हार जाणार नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. देशातील नामवंत गायकांच्या मागे जो तंबोरा झणत असतो, तो बहुधा मिरजेचा असतो, आणि त्याची किंमत दुकानातील मधल्या फळीवरच्या विदेशी स्पीकरपेक्षा पुष्कळ कमी असते.

तंबोऱ्याचा सारा आवाज घोडीच्या पाठीवर असतो. तार तेथे किंचित उतरत्या पृष्ठभागाला स्पर्शत कंप पावते आणि त्या स्पर्शातून स्वरांची प्रभावळ उठते. तिला जवारी म्हणतात. वापराने घोडीवर तारेची खाच पडते, जवारी बसते आणि आवाज मुका होतो. मग कारागीर कानसेने घोडी घासून जवारी पुन्हा उघडतो. भोपळा तडकला तर सांधतो, खुंटी सैल झाली तर नवी करतो. आजोबांचा तंबोरा नातवाच्या हाती येतो, आणि तो येताना अधिक गोड झालेला असतो असे गाणारे सांगतात. (घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा हाडाची असे, आता लाकडाची किंवा कृत्रिम पदार्थाचीही मिळते. जैन घरातील गाणाऱ्याने ती आवर्जून तशी मागून घ्यावी.)

तंबोरा काही स्पीकर नव्हे, आणि प्रत्येक घरात गाणारे कोणी असेलच असे नाही. पण खरा आवाज कसा असतो हे कानाला एकदा कळले पाहिजे. सातारा जिल्ह्यात औंधला पंडित गजाननबुवा जोशी यांचे वडील अंतुबुवा यांनी सुरू केलेला संगीतोत्सव दर वर्षी आश्विनात होतो. तेथे रात्र काढलेला माणूस दुकानात गेला, तर खालच्या पट्टीतला कृत्रिम दणका ऐकून भुलत नाही. तो ओळखीची भैरवी लावायला सांगतो आणि डोळे मिटतो. विक्रेत्याला ते गिऱ्हाईक अवघड वाटते, कारण डोळे मिटले की निम्मी किंमत दिसेनाशी होते.

जैन परंपरेने वस्तूंच्या आयुष्याचा हा विचार फार पूर्वी नेमक्या शब्दांत मांडला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग-परिमाण व्रताच्या प्रकरणी दोन प्रकारच्या वस्तू वेगळ्या केल्या आहेत. एकदाच भोगून सोडायचा तो भोग, जसे अन्न. आणि पुन्हा पुन्हा वापरायचा तो उपभोग, जसे वस्त्र. श्वेतांबर परंपरेत यासाठी उपभोग-परिभोग असे शब्द आहेत, पण भेद हाच आहे. श्रावकाने दोन्हींना मर्यादा घालायची; मात्र त्यासाठी कोणती वस्तू कोणत्या रकान्यात आहे हे आधी कळायला हवे. ध्वनियंत्र हे उघडच दुसऱ्या रकान्यातले. पण जे सात वर्षांत निकामी होते, उघडता येत नाही, दुरुस्त होत नाही आणि मुलाला वारशाने देता येत नाही, ते नकळत पहिल्या रकान्यात सरकलेले असते. पाच लाखांचे पक्वान्न. व्रत घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनीही खरेदीच्या आधी हा रकाना तपासायला हरकत नाही.

याचा अर्थ मुलाची हौस मोडावी असा नाही. स्तवन असो की नाट्यगीत, चांगल्या यंत्रावर ते ऐकणे हा निर्मळ आनंद आहे, आणि तो लवकर घेतलेला बरा. वय वाढेल तसे माणसाच्या कानाला वरच्या पट्टीतले बारीक नाद ऐकू येणे हळूहळू कमी होते. पैसा हाताशी येतो तेव्हा कान गेलेला असतो, हे या छंदातले जुने दुखणे आहे. निम्म्याहून अधिक रक्कम दुरुस्त होणाऱ्या, लाकडी पेटीच्या स्पीकरांवर घालावी. अँप्लिफायर वेगळा घ्यावा, आणि इंटरनेटचे यंत्र स्वस्तातले घ्यावे, पाच-सात वर्षांनी बदलावे लागेल असे धरूनच. विक्रेत्याकडून सुट्या भागांबद्दल लेखी घ्यावे, दुरुस्ती कोठे होते त्या जागेचा पत्ता घ्यावा. त्याने टाळाटाळ केली तर उत्तर मिळाले असे समजावे.

वायरमन अजून उघड्या भिंतीजवळ थांबलेला आहे. त्याला एवढेच सांगायचे, की वायर थेट विटांत पुरू नकोस. एक इंची पाइप टाक, वळणे सौम्य ठेव आणि आत ओढून घेण्यासाठी एक तार सोडून ठेव. उद्या स्पीकर बदलला, वायर बदलली, तरी भिंतीला हात लागणार नाही. साताऱ्यात इतके पुरते. सांगलीत नदीकडच्या पेठेत घर असेल, तर २०१९च्या पाण्याची खूण भिंतीवर कोठवर आली होती ते शेजाऱ्यांना विचारायचे आणि स्पीकरचा पॉइंट तिच्या वर घ्यायचा. तेवढी उंची खालच्या मजल्यावर मिळत नसेल, तर गाणे ऐकण्याची खोली माडीवर काढायची.